ए. के. हंगल

अवतार किशन हंगल (1914–2012) म्हणजे हिंदी सिनेमातले चरित्र अभिनेते, इप्टा (इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन) या डाव्या नाट्यसंस्थेचे रंगकर्मी, स्वातंत्र्यसैनिक आणि शेवटपर्यंत कम्युनिस्ट. मुंबईत त्यांचं नाव काढलं की शोलेतले आंधळे रहीमचाचा आठवतात. ग्रुपवर बराच वेळ कुणी काही बोललं नाही की त्यांचा तो सन्नाट्यावाला डायलॉग टाकणाऱ्या कित्येक पोरांना तर माणसाचं नावही माहीत नसतं. पण सिनेमा त्यांच्या आयुष्यात पन्नाशी उलटल्यावर आला, त्याआधी शिवणकाम, चळवळ, तुरुंग, नाटक हे सगळं होऊन गेलेलं होतं, त्यामुळे सुरुवात तिथूनच केलेली बरी. आडनावामुळे बरेच जण त्यांना गायिका गंगूबाई हंगलांच्या हुबळीकडचे समजतात, तसं काही नाही, घर काश्मिरी पंडितांचं.

जन्म सियालकोटचा, लहानपण पेशावरला गेलं. खान अब्दुल गफार खानांच्या चळवळीमुळे त्या काळात पेशावर तापलेलं होतं, आणि हंगल शाळकरी वयातच स्वातंत्र्याच्या चळवळीकडे ओढले गेले. वडील सरकारी नोकरीत, पण मुलाने शिंप्याचं काम शिकून घेतलं, ते नुसतं हौसेपुरतं नाही तर पुढे कित्येक वर्षं पोट त्याच्यावरच चाललं. 1936 च्या सुमारास पेशावरातल्या हौशी मंडळात नाटकं करायला लागले. वडील रिटायर झाल्यावर घर कराचीला गेलं, तिथे दिवसा कपडे बेतायचे आणि उरलेला वेळ पक्षाचं काम. फाळणी झाली तरी ते लगेच निघाले नाहीत, कराचीतच राहिले, आणि नव्या पाकिस्तानात कम्युनिस्ट म्हणून त्यांना तुरुंगात टाकलं. म्हणजे इंग्रज गेल्यावरही तुरुंग काही सुटला नाही. बाहेर आल्यावर 1949 मध्ये मुंबई गाठली, पस्तिशीत, हातात जवळपास काहीच नसताना.

मुंबईत पुन्हा शून्यापासून सुरुवात. ओळख झाली ती इप्टातल्या मंडळींशी, बलराज साहनी, कैफी आझमी वगैरे. इप्टा 1943 ची, मुंबईतच जन्मलेली, कम्युनिस्ट पक्षाच्या सावलीत वाढलेली. पण हंगल आले तेव्हा पक्षाची धरपकड चालू होती, बलराज साहनी स्वतः त्या काळात तुरुंगात जाऊन आले होते, त्यामुळे संस्था बरीच विस्कळीत झालेली, ती परत उभी करणाऱ्यांमध्ये हंगल होते. त्याच शहरात गिरणगावात अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकरांचं लाल बावटा कलापथक 1944 पासून डफ-तुणतुण्यावर हेच राजकारण लोकांपर्यंत नेत होतं. हिंदी-उर्दू नाटकवाले आणि मराठी शाहीर, दोघांचा झेंडा एकच, पण आपल्याकडे शाहिरांबद्दल जेवढं लिहिलं गेलं त्याच्या पावपटही या हिंदीवाल्यांबद्दल मराठीत वाचायला मिळत नाही.

सिनेमात पहिलं काम बासू भट्टाचार्यांच्या तीसरी कसममध्ये (1966), तेव्हा वय 52. पुढे गुड्डी, बावर्ची, अभिमान, आईना, शौकीन असं करत चार दशकांत दोनशेच्या वर सिनेमे झाले. बहुतेक ठिकाणी मुलीचा बाप, रिटायर मास्तर, म्हातारा नोकर किंवा गावातला कुणी चाचा-काका, मान खाली, आवाज मऊ, कुणी दुखावलं तरी गप्प सोसणारा. ज्याने खऱ्या आयुष्यात दोन राजवटींशी पंगा घेतला त्याला पडद्यावर कायम हात जोडायला लावलं ही हिंदी सिनेमाची कमाल आहे, पण गंमत अशी की त्या मऊपणातही माणूस कधी लाचार वाटला नाही. दीवारमधला तो छोटा सीन बघा, पोराने पाव चोरला म्हणून इन्स्पेक्टर शशी कपूरने त्याच्या पायात गोळी घातलेली असते, मग तोच त्यांच्या घरी खायला घेऊन येतो, पोराची आई त्याला वाट्टेल ते बोलते आणि बाप, म्हणजे रिटायर शिक्षक हंगल, तिलाच गप्प करतात, चोरी ती चोरीच. सीन पाच मिनिटांचाही नाही, पण सख्ख्या भावाविरुद्धची केस हातात घ्यायचा शशी कपूरचा पुढचा सगळा निर्णय त्याच्यावर उभा आहे.

नमक हराम (1973) मध्ये तर ते चक्क युनियन लीडर बिपिनलाल झालेत, मालकाच्या पोराला न घाबरणारा जुन्या पठडीतला प्रामाणिक माणूस, ज्याला बाजूला काढायला राजेश खन्नाला कामगार बनवून घुसवतात. इथे मात्र त्यांना ॲक्टिंग फारशी करावी लागली नसणार असं माझं मत. उलट टोक बघायचं तर शौकीन (1982), अशोक कुमार आणि उत्पल दत्त यांच्याबरोबर तीन चावट म्हाताऱ्यांपैकी एक. उत्पल दत्त हेही डाव्या राजकारणापायी तुरुंगात जाऊन आलेले, म्हणजे तिघांतले दोघे खरेखुरे राजकैदी आणि पिक्चर गोव्याच्या ट्रिपवर.

शोलेबद्दल एकच सांगायचं, त्यातला त्यांचा मुलगा अहमद म्हणजे आपला सचिन पिळगावकर. तेवढ्या तीन-चार सीनमध्ये गावाला धीर देणारा माणूस म्हणून ते जे उभे राहिले ते विसरता येत नाही, बाकी त्या पिक्चरवर लिहिणारे खूप आहेत.

राजकारणाची खरी किंमत त्यांनी म्हातारपणी मोजली. 1993 साल, मुंबईत दंगली आणि बॉम्बस्फोट नुकतेच होऊन गेलेले, वातावरण भयानक, त्यात हंगल पाकिस्तानी वकिलातीतल्या पाकिस्तान दिनाच्या कार्यक्रमाला गेले, जन्मगाव बघायला व्हिसाही मागितलेला. बाळासाहेब ठाकरेंनी त्यांना देशद्रोही ठरवलं, त्यांच्या सिनेमांवर बहिष्कार टाकायला सांगितलं. पुतळे जाळले गेले, प्रोड्युसरनी कामं काढून घेतली, आणि साधारण दोन वर्षं ऐंशीच्या घरातला हा माणूस कामाविना बसला. ज्याला पाकिस्तानने कम्युनिस्ट म्हणून आत टाकलं त्यालाच इथे पाकिस्तानचा माणूस म्हणायचं, याच्यावर इंडस्ट्रीतल्या मोठ्या नावांनी तेव्हा ठामपणे बोलायला पाहिजे होतं, एवढं म्हणायला हरकत नाही. नंतर वातावरण निवळलं आणि कामं परत मिळू लागली.

लगानमध्ये (2001) ते शंभूकाका होते, शूटिंगच्या काळात दुखापत झाली तरी काम पूर्ण केलं. 2006 ला पद्मभूषण. पण पद्मभूषणाने औषधाची बिलं भरत नाहीत, 2011 मध्ये उपचाराला पैसे नाहीत अशा बातम्या आल्या आणि मग इंडस्ट्रीतून मदत सुरू झाली. दोनशेहून जास्त सिनेमे करून ही वेळ येते कारण चरित्र अभिनेत्याला पैसे दिवसावर मिळतात, पिक्चर कितीही चालला तरी त्याच्या वाट्याला पुढे काही येत नाही. त्याच वर्षी मुंबईतल्या एका फॅशन शोमध्ये ते व्हीलचेअरवर रॅम्पवर आले, जुन्या टेलरला शोभेल अशा कपड्यांत. 2012 मध्ये एका टीव्ही सिरियलमध्ये छोटं काम केलं. ऑगस्टमध्ये घरी बाथरूममध्ये पडून मांडीचं हाड मोडलं, 26 ऑगस्ट 2012 ला सांताक्रूझच्या हॉस्पिटलमध्ये गेले, विलेपार्ल्यात अंत्यसंस्कार झाले. तेव्हा ते इप्टाचे राष्ट्रीय अध्यक्ष होते.