लेगोचं विमान आणि नखाने सुटणारा जोड

‘मोटर दमदार असेल तर वीटही उडते,’ असं आरसी (रिमोटवर चालणारी छोटी) विमानं उडवणारे गमतीने म्हणतात. लेगोच्या विमानांचे व्हिडिओ बघून ते पटायलाही लागतं. वीट उडते, हे खरंच आहे. पण ती उतरवायची कशी?

लेगोची 2×4 वीट सुमारे 2.3 ग्रॅमची. आतली पोकळी धरूनही तिची घनता बाल्सा लाकडाच्या जवळपास तिप्पट भरते. 1 मीटर लांब, 24 सेंमी रुंद पंख घेऊ. म्हणजे क्षेत्रफळ 24 चौरस डेसिमीटर. थर्मोकोलचं शिकाऊ विमान या पंखावर 600 ग्रॅममध्ये बसतं आणि ताशी 22 किमीपर्यंत हळू उडू शकतं. लेगोचं विमान काटकसर करूनही 1.8 किलोवर जातं. वजन तिप्पट झालं की किमान वेग √3 पट होतो, म्हणजे ताशी सुमारे 38 किमी. याहून हळू गेलं की पंख उचलणं सोडतो. उतरतानाही हाच वेग, म्हणून लांब, मोकळं मैदान हवं.

वजनावर उपाय आहे: अख्खा पंख विटांचा करू नका. विटांच्या फक्त फासळ्या आणि मधला कणा करा, वरून पॅकिंगची चिकटपट्टी ताणून लावा. दोन्ही बाजू झाकायला 20-25 ग्रॅम पट्टी पुरते. विटांवरच्या गुंड्याही तिच्याखाली झाकल्या जातात, नाहीतर पुढच्या कडेवर त्या हवेचा प्रवाह बिघडवतात.

खरी मेख जोडात आहे. दोन विटा आडव्या सरकवून बघा, हलत नाहीत, कारण तिथे गुंडी आडवी येते. पण एका कडेखाली नख घाला, वीट टचकन सुटते. उभ्या दिशेने फक्त घर्षण धरून असतं, आणि कडेने उचललं की गुंड्यांच्या रांगा एकामागून एक सुटत जातात. पंखावर नेमकं हेच होतं. हवेची उचल पंखाची टोकं वर वाकवते, खालच्या थरातल्या विटांमध्ये फट पडते आणि वरची वीट कडेने उचकटली जाते. प्रोपेलरची थरथर उरलेलं काम करते.

जोर किती? अर्ध्या पंखावर 900 ग्रॅमचा भार, तो मुळापासून सरासरी 25 सेंमीवर. वाकवणारा आघूर्ण (भार गुणिले अंतर) 2.2 न्यूटन-मीटर. कण्यातलं वर-खालचं अंतर 2 सेंमी धरलं तर खालची बाजू 110 न्यूटनने, म्हणजे 11 किलोच्या ओढीने ताणली जाते. जोरदार वळणात भार तिप्पट होतो, मग 33 किलो. (पंखाचं स्वतःचं वजन यातला थोडा भार कमी करतं, पण त्या भरवशावर राहू नये.)

हा ताण विटांवर टाकायचाच नाही. कणा लेगोच्याच ‘टेक्निक’ प्रकारातल्या, आरपार भोकांच्या विटांचा, तीन थरांचा करा; भोकं पंखाच्या लांबीच्या दिशेने येतील अशा विटा लावा. उंची 28.8 मिमी, म्हणजे रुंदीच्या 12 टक्के, पंखाला साजेशी. वरच्या आणि खालच्या भोकांतून 4 मिमीच्या कार्बन कांड्या घाला. भोक 4.8 मिमीचं असतं, त्यामुळे 5 मिमीची कांडी जात नाही. 4 मिमीचीला दोरा गुंडाळून खेळ काढा. कांडी अखंड 1 मीटरची हवी, कारण वाकण्याचा जोर मधोमध सर्वांत जास्त असतो. दर दोन-तीन भोकांनंतर इपॉक्सीचा थेंब द्या, नाहीतर दोन्ही कांड्या आपापल्या वाकतात आणि एकत्र कण्याचं काम करत नाहीत. सांडलेलं इपॉक्सी ॲसिटोनने पुसू नका, विटांचं एबीएस प्लास्टिक त्यात विरघळतं. कांडी सरळ असल्याने पंखाची टोकं वर उचलून कोन देता येत नाही, म्हणून एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेच्या, विमान कलवणाऱ्या हलत्या पट्ट्या) लागतातच. ‘शंभर टक्के विटांचं’ असा दावा दिसला की आधी या कांड्या शोधाव्यात.

मोटर 1000 केव्हीच्या (म्हणजे दर व्होल्टमागे मिनिटाला 1000 फेऱ्यांच्या) आसपासची, 10×6 इंची प्रोपेलर, 40 अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग नियंत्रित करणारं सर्किट), तीन सेलची 2200 एमएएच लिपो बॅटरी. मोटर प्लायवूडवर स्क्रूने बसवा, विटांवर थेट नको.

गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून 6 ते 7 सेंमीवर यायला हवा. शेपूट जड झालं तर नाकाशी दुप्पट-तिप्पट वजन भरावं लागतं, म्हणून शेपूट फोमचं. पहिल्या उड्डाणाआधी कुणी लिंबू-मिरची बांधायला निघालं तर हिशेब सांगा: 40 ग्रॅमचं लिंबू, 50 सेंमी मागे बांधलं, की गुरुत्वमध्य 1.1 सेंमी मागे सरकतो. एवढ्यानेही विमान नाक वर करून कोसळू शकतं.

प्रत्येक उड्डाणानंतर मुळापासून टोकापर्यंत सगळे जोड अंगठ्याने दाबून घ्या. सैल झालेली वीट दाबताना टक् असा आवाज करते.