जॉर्ज विटेट

जॉर्ज विटेट (१८७८–१९२६) : मुंबईत कारकीर्द घडवलेला स्कॉटिश वास्तुविशारद. गेटवे ऑफ इंडिया, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय (पूर्वीचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम), विज्ञान संस्था, कावसजी जहांगीर हॉल, बॅलार्ड इस्टेटचा दर्शनी भाग, बॉम्बे हाऊस आणि परळचे के.ई.एम. रुग्णालय ही त्याची प्रमुख कामे. पालवा बंदरावरून रीगल सिनेमाच्या चौकाकडे निघालेला माणूस पंधरा-वीस मिनिटांत यांतल्या चार इमारती ओलांडतो. तरीही बोरीबंदरचे स्थानक बांधणाऱ्या फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सचे नाव जितक्यांना माहीत असते, तितक्यांना विटेटचे नसते.

विटेटचा जन्म स्कॉटलंडमधील ब्लेअर ॲथॉल या गावचा. पर्थ येथे एका वास्तुविशारदाच्या हाताखाली उमेदवारी करून त्याने धंद्याचे शिक्षण घेतले. पुढे काही काळ एडिंबरो आणि यॉर्क येथे काम करून १९०४ साली तो मुंबईला आला. मुंबई सरकारचा सल्लागार वास्तुविशारद जॉन बेग हाही स्कॉटिशच होता. विटेट त्याचा मदतनीस झाला. बेगने जनरल पोस्ट ऑफिसचा आराखडा विजापूरच्या गोल घुमटावरून बेतला होता. हे काम १९१३ साली पुरे झाले आणि बांधकामावर देखरेख विटेटची होती. बेग १९०८ मध्ये भारत सरकारच्या सेवेत गेल्यावर त्याची मुंबईतली जागा विटेटकडे आली. त्या वेळी त्याचे वय तिशीच्या आसपास होते.

तो आला तेव्हा शहराचा चेहरा गॉथिक होता. उच्च न्यायालय, विद्यापीठ, राजाबाई टॉवर, बोरीबंदर, महापालिका अशा टोकदार कमानी आणि उंच मनोऱ्यांच्या इमारती एका पिढीने उभ्या केल्या होत्या आणि ती पिढी संपत आली होती. स्टीव्हन्स १९०० सालीच वारला. नव्या शतकातल्या सरकारी इमारतींनी ‘हिंदी’ दिसावे असा आग्रह वाढत होता. या शैलीला इंडो-सारासेनिक म्हणतात. मद्रासेत ती कितीतरी आधी रुजली होती, मुंबईत मात्र उशिरा आली. पण येताना तिने दूरच्या दिल्ली-आग्र्यापेक्षा विजापूर, गोवळकोंडा आणि अहमदाबाद यांच्याकडे अधिक पाहिले. विजापूर आणि अहमदाबाद तेव्हा मुंबई इलाख्यातच होते, त्यामुळे सरकारी वास्तुविशारदाला हे नमुने आपल्याच हद्दीत पाहता येत. विटेटने अशा जुन्या वास्तूंचा बारकाईने अभ्यास केला होता, आणि हा अभ्यास त्याच्या इमारतींच्या सजावटीपुरता न राहता त्यांच्या रचनेतही उतरलेला दिसतो.

याचा उत्तम पुरावा म्हणजे वस्तुसंग्रहालय. ११ नोव्हेंबर १९०५ रोजी प्रिन्स ऑफ वेल्स (पुढे राजा पाचवा जॉर्ज) याच्या हस्ते कोनशिला बसली, तेव्हा इमारतीचा आराखडा ठरलेला नव्हता. १९०९ मध्ये खुली स्पर्धा झाली, तीत विटेटची निवड झाली. इमारत तीन मजली, लांबट आयताकृती असून मधोमध घुमटाचा भाग एका मजल्याने वर उचललेला आहे. मुख्य घुमटाभोवती छोट्या घुमट्या बसवलेल्या मनोऱ्यांचा घोळका आहे. पुढे आलेले सज्जे, दगडी जाळ्या, छज्जे आणि त्यांना पेलणारे कोरीव हस्त असा सगळा साज आहे. दगड दोन प्रकारचा वापरला : कुर्ल्याचा काळसर निळा बेसाल्ट आणि मालाडचा फिकट पिवळसर ट्रॅकाइट. पावसाळ्यात भिंती ओल्या झाल्या की या दोन रंगांतला फरक ठळक होतो. इमारत पाहायची तर जुलै-ऑगस्टमध्ये पाहावी.

बाहेरचा घुमट गोवळकोंड्याच्या धाटणीचा आहे; आत मात्र विजापूर आहे. चौकोनी दालनावर गोल घुमट बसवताना चारही कोपरे कसे भरायचे हा सर्वच घुमटकारांपुढचा प्रश्न. विजापूरच्या गोल घुमटात तो एकमेकींना छेदणाऱ्या कमानींनी सोडवला आहे. या कमानी कोपरे कापत जातात, चौकोनाचा अष्टकोन होतो आणि त्यावर वर्तुळ टेकते. विटेटने संग्रहालयाच्या मध्यवर्ती दालनात हीच गुंफण योजली. मूर्ती पाहायच्या घाईत लोक या दालनातून पुढे सरकतात, पण एकदा थांबून मान वर करावी इतकी ती चांगली जमली आहे. नाशिकच्या एका वाड्यातले जुने कोरीव लाकडी कमानकामही विकत आणून त्याने आत बसवले. पाडकामात सापडलेली जुनी खांब-तुळई आज हॉटेलांत सजावटीला लावतात, त्या हौसेच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

बांधकाम १९१४ मध्ये संपले आणि लगेच महायुद्ध सुरू झाले. नवीकोरी इमारत लष्करी रुग्णालय म्हणून वापरात गेली, बालकल्याणाचे कामही तिथे चालले. संग्रहालय म्हणून ती १० जानेवारी १९२२ रोजी गव्हर्नर जॉर्ज लॉइड याच्या पत्नीच्या हस्ते खुली झाली. सध्याचे नाव १९९८ पासूनचे.

संग्रहालयासमोर, रस्त्यापलीकडे विटेटनेच उभारलेली विज्ञान संस्था आणि तिला लागून कावसजी जहांगीर हॉल आहे. कामाचा प्रारंभ १९११ चा. संस्था १९२० मध्ये सुरू झाली. कावसजी जहांगीर, जेकब ससून, करीमभाई इब्राहीम आणि वसनजी मूळजी या पारशी, ज्यू, खोजा आणि हिंदू धनिकांच्या देणग्या त्यात आहेत. त्या काळच्या मुंबईतली दानाची रीत इथे एका जागी दिसते. इथे मात्र घुमट-जाळ्यांचा हिंदी साज नाही. वळणदार दर्शनी भाग, स्तंभ, गोल कमानी असे युरोपीय प्रबोधनकाळाचे वळण विटेटने घेतले. शंभर पावलांवर त्याच माणसाने, त्याच वर्षांत, दोन वेगळ्या भाषांत बांधले आहे. कावसजी जहांगीर हॉलमध्ये पुढे सभा, संमेलने, मैफली होत राहिल्या. १९९६ पासून तिथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. आतला भाग पूर्ण बदलून चढत जाणारी दालने केली आहेत, बाहेरून वास्तू जुनीच दिसते.

या दोन भाषांवरून विटेटविषयी वाद होऊ शकतो. सरकारी मिरवणुकीची इमारत असली की विजापूर किंवा गुजरात, शास्त्र आणि व्यापार आला की युरोप : ही वाटणी निरागस नाही. राज्यकर्त्याने स्वतःला इथल्या सुलतानांचा वारस म्हणून सजवायचे आणि प्रयोगशाळा व कचेऱ्या मात्र आपल्या गावासारख्या बांधायच्या, असा तिचा अर्थ लावता येतो. विटेट पगारी सरकारी नोकर होता, ही वाटणी त्याने ठरवली असे म्हणता येणार नाही. पण त्याने ती सहज स्वीकारली आणि दोन्हीकडे सारख्याच सफाईने काम केले.

बॅलार्ड इस्टेट हे दुसऱ्या भाषेतले त्याचे सर्वांत मोठे काम. अलेक्झांड्रा गोदी (आताची इंदिरा गोदी) खणताना निघालेली माती-दगड टाकून बॉम्बे पोर्ट ट्रस्टने १९१४ ते १९१८ दरम्यान सुमारे २२ एकर जमीन समुद्रातून मिळवली. तिला ट्रस्टचा संस्थापक कर्नल जे. ए. बॅलार्ड याचे नाव दिले. भूखंड वेगवेगळ्या जहाज कंपन्यांनी आणि व्यापारी पेढ्यांनी घेतले, पण इमारतींची उंची, दर्शनी भागांची धाटणी, दगडाचा रंग यांवर विटेटची नजर होती. परिणामी लंडनच्या कचेऱ्यांच्या एखाद्या मोहल्ल्यासारखा सलग, एकसुरी म्हणावा इतका शिस्तीचा भाग तयार झाला. ग्रँड हॉटेलसह तिथल्या काही इमारती त्याने स्वतः आखल्या. चिंचोळ्या, गर्दीच्या फोर्टातून इथे आल्यावर रस्ते एकदम रुंद होतात. रविवारी दुपारी तर सगळा परिसर रिकामा असतो. चित्रपटवाल्यांना परदेशातले शहर हवे असले की ते इथेच येतात.

गेटवे ऑफ इंडियाचा इतिहास या सगळ्याला समांतर चालतो. २ डिसेंबर १९११ रोजी राजा पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी अपोलो बंदरावर (म्हणजेच पालवा बंदरावर) उतरले तेव्हा तिथे स्वागताला फक्त पुठ्ठ्याची तात्पुरती कमान होती. कायमच्या वास्तूची कोनशिला गव्हर्नर जॉर्ज सिडनहॅम क्लार्क याने ३१ मार्च १९१३ रोजी बसवली. विटेटच्या अंतिम आराखड्याला बरोबर वर्षाने, ३१ मार्च १९१४ ला मंजुरी मिळाली. त्यानंतर १९१५ ते १९१९ ही वर्षे समुद्रात भराव टाकून धक्का बांधण्यातच गेली. पाया १९२० मध्ये पुरा झाला. प्रत्यक्ष वास्तू १९२४ मध्ये उभी राहिली आणि ४ डिसेंबर १९२४ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग याने तिचे उद्‌घाटन केले. ज्या राजाच्या आगमनासाठी हे सारे केले, तो येऊन गेल्याला तेरा वर्षे झाली होती.

वास्तूची मूळ कल्पना युरोपातल्या विजयकमानीची आहे, तपशील सोळाव्या शतकातल्या गुजरातच्या मशिदींवरून घेतलेले. मधली मोठी कमान, दोन्ही बाजूंना दालने, चार कोपऱ्यांवर मनोरे. कमानीची उंची सुमारे २६ मीटर, मध्यवर्ती घुमटाचा व्यास ४८ फूट. हा घुमट बाहेरून फारसा डोळ्यांत भरत नाही, कमानीखाली उभे राहिल्यावर त्याचा आवाका कळतो. बाजूच्या प्रत्येक दालनात ६०० माणसे मावतील अशी सोय आहे, म्हणजे वास्तू निव्वळ दरवाजा नसून स्वागतसमारंभाचा मंडपही आहे. दगड स्थानिक पिवळा बेसाल्ट, जाळ्या ग्वाल्हेरहून आणलेल्या. दगडाच्या आड सलोह, म्हणजे लोखंडी सळया घातलेले, काँक्रीट आहे. जॉन गॅमन या अभियंत्याच्या कंपनीने पायासाठी काँक्रीटचे खांब रोवले, आणि भारतात सलोह काँक्रीटच्या खांबांचा असा वापर नवीनच होता. मध्ययुगीन गुजरातचे रूप घेतलेली ही कमान तंत्राच्या बाबतीत आपल्या काळाच्या पुढेच होती. एकूण खर्च २१ लाख रुपये आला, त्यातला बहुतेक भारत सरकारने सोसला.

पैसे मात्र तिथेच संपले. गेटवेसमोर सरळ येणारा रुंद राजरस्ता होणार होता, तो झालाच नाही. म्हणून आज येणारा रस्ता कमानीला तिरका भेटतो. वास्तू समुद्राकडे तोंड करून ताठ उभी आहे आणि शहर तिच्याकडे कडेने येते. समुद्रातून लाँचमध्ये बसून पाहिले तर आराखडा बरोबर कळतो. घारापुरीला जाणाऱ्या प्रवाशांना विटेटच्या मनातले दृश्य फुकट मिळते. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी सॉमरसेट लाइट इन्फंट्रीची तुकडी याच कमानीतून बाहेर पडली. भारत सोडणारे ते शेवटचे ब्रिटिश सैन्य होते. समोरचा शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा २६ जानेवारी १९६१ चा. तो बसल्यापासून त्या मोकळ्या जागेचा केंद्रबिंदूच बदलला.

मुंबईबाहेर विटेटचे एक ठळक काम कराचीत आहे : तिथल्या पोर्ट ट्रस्टचे मुख्यालय, १९१६ मध्ये खुले झाले. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. मुंबईतले धोबी तलावचे लघुवाद न्यायालयही त्याचेच.

१९१७ साली त्याच्या हातून घडलेली एक गोष्ट दगडाची नाही. १२ मे रोजी सर ज. जी. कलाशाळेतून वास्तुकला शिकून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांची सभा झाली आणि विटेटच्या मार्गदर्शनाखाली त्यांची संघटना स्थापन झाली. तिचा पहिला अध्यक्ष तोच. नाव बदलत बदलत १९२९ मध्ये ती ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स’ झाली आणि आज या व्यवसायाची देशव्यापी संस्था आहे. तोवर इथली मुले नकाशे काढणारी, साहेबाच्या आराखड्यांना शाई फिरवणारी मानली जात. पुढच्या दोन दशकांत मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाकाठच्या आर्ट डेको शैलीच्या इमारती ज्यांनी उभारल्या, त्यांत भारतीय वास्तुविशारद मोठ्या संख्येने होते.

१९१९ मध्ये सरकारी नोकरी सोडून विटेट टाटा इंजिनिअरिंग कंपनीचा वास्तुविशारद झाला. टाटांचे मुख्यालय बॉम्बे हाऊस (१९२४) हे त्याचे या काळातले काम : चार मजली, दगडी, आणि दिखाऊपणा जाणूनबुजून टाळलेले. ज्याने समुद्रकाठी एवढा थाट मांडला, त्याने देशातल्या सर्वांत मोठ्या उद्योगसमूहाला गल्लीतली एक शांत इमारत दिली.

परळच्या गिरणगावात महापालिकेसाठी बांधलेले किंग एडवर्ड मेमोरिअल रुग्णालय १९२६ मध्ये सुरू झाले. सोबतच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयासाठी देणगीदारांनी अट घातली होती की अध्यापक फक्त पात्र भारतीयच असावेत आणि ते सरकारी नोकरीत नसावेत. ब्रिटिश राजाचे नाव धारण केलेल्या संस्थेत इंग्रज अध्यापकांना जागा नव्हती. गावाहून आलेला रुग्ण आजही ‘केईएमला नेतोय’ एवढेच म्हणतो; त्यातला एडवर्ड कधीच गळून पडला. जवळचे वाडिया प्रसूतिगृहही विटेटचेच.

१९२६ मध्येच आमांशाच्या तीव्र विकाराने विटेटचा मुंबईत मृत्यू झाला. वय पन्नाशीच्या आतच होते आणि गेटवेच्या उद्‌घाटनाला दोन वर्षेही उलटली नव्हती. शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्याला पुरले आहे.