एथिक्स कमिटीकडे अर्ज करताय? आधी तुमचा कन्सेंट फॉर्म मोठ्याने वाचून बघा

मी डॉक्टर नाही. एका संस्थेच्या एथिक्स कमिटीत, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीत, ‘सामान्य सदस्य’ म्हणून बसते. कमिटीत विज्ञानाशी संबंध नसलेलंही कुणी असावं असा नियम आहे, ती मी. अर्जांच्या गठ्ठ्यातलं औषधशास्त्र मला कळत नाही, पण मराठी कन्सेंट फॉर्म (सहभागी माणसाचं संमतिपत्र) मला कळायला हवा. मलाच कळला नाही तर ओपीडीच्या रांगेत सकाळपासून उभ्या असलेल्या बाईला काय कळणार, हा प्रश्न मी दर सभेत विचारते. आमच्याकडून परत जाणारे बहुतेक अर्ज इथेच अडकतात. विज्ञानावरून अडकणारे त्या मानाने थोडे.

अर्ज कुणी करायचा

माणसांवर, त्यांच्या रक्ता-लघवीच्या नमुन्यांवर, त्यांच्या केसपेपरवर किंवा त्यांनी दिलेल्या उत्तरांवर आरोग्याचं संशोधन करणाऱ्या प्रत्येकाने. एमडी-एमएस असो, आयुर्वेद, दंतवैद्यक, नर्सिंग किंवा फिजिओथेरपी असो. ‘माझा फक्त गूगल फॉर्म आहे’ आणि ‘मी फक्त जुने केसपेपर बघणार आहे’ ही दोन वाक्यं आम्ही इतकी ऐकलीत, की आता हसूही येत नाही.

गोंधळ का होतो तेही सांगते. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांमध्ये तपासणीचे तीन मार्ग आहेत: तपासणीतून सूट, जलद तपासणी आणि पूर्ण सभेपुढची तपासणी. ‘सूट’ हा शब्द वाचला की विद्यार्थी ती स्वतःच घेऊन टाकतो. पण तुमच्या कामाला सूट मिळते की नाही हे कमिटी ठरवते. तुम्ही नाही, तुमचे गाईडही नाहीत. म्हणजे सूट हवी असली तरी अर्ज करावाच लागतो.

जुन्या केसपेपरवरच्या अभ्यासात प्रत्येक रुग्णाला शोधून संमती घेणं अनेकदा अशक्य असतं. त्यासाठी संमतीतून सवलत मिळू शकते, पण ती मागावी लागते. संमती घेणं का शक्य नाही आणि नावं-पत्ते कसे काढून टाकणार, हे एका पानात लिहा. ‘रेट्रोस्पेक्टिव्ह स्टडी असल्याने संमती लागू नाही’ एवढ्या एका ओळीवर अर्ज परत येतो.

आणि माहिती आधी गोळा करून मग मंजुरी मागायला येऊ नका. मागच्या तारखेची मंजुरी नसते. विद्यार्थी कितीही रडला तरी नसते. शंभरावर केसपेपरांची माहिती भरून झाल्यावर आमच्याकडे आलेली एक मुलगी मला अजून आठवते. तिला गाईडने सांगितलं होतं, ‘एथिक्सचं लेटर नंतर घेऊ.’ गाईडचं काही बिघडलं नाही, मुलीला विषय बदलावा लागला.

कोणती कमिटी

नवीन औषध, लस किंवा त्यासारख्या गोष्टीची चाचणी असेल तर केंद्रीय औषध नियंत्रकांकडे नोंदलेली कमिटी लागते. बाकीच्या आरोग्य संशोधनासाठी आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली. ही दुसरी नोंदणी २०१९ च्या ‘नवीन औषधं आणि क्लिनिकल ट्रायल नियमां’पासून आली. तुमच्या कमिटीचा नोंदणी क्रमांक आणि त्याची मुदत आधी विचारून घ्या. विचारायला लाजू नका. नोंदणी संपलेली आहे हे कार्यालयालाच ठाऊक नसतं, असंही होतं. चाचणी चालणार त्या जागी स्वतःची कमिटी नसेल तर त्याच शहरातली किंवा ५० किलोमीटरच्या आतली दुसरी कमिटी चालते.

कागदपत्रं

अर्जाचा नमुना, प्रोटोकॉल (संशोधनाचा पूर्ण आराखडा), सिनॉप्सिस (त्याचा सारांश), माहितीपत्रक आणि कन्सेंट फॉर्म, प्रश्नावली, संशोधकांचे बायोडेटा, गुड क्लिनिकल प्रॅक्टिसचं प्रमाणपत्र, विभागप्रमुखांची सही, सायंटिफिक कमिटीची मान्यता, खर्च कोण करणार त्याचा तपशील, हितसंबंधांचं घोषणापत्र. यादी कार्यालयात मिळते, ती बघून लावा.

यादीत असून कुणाच्याच फाइलीत नसतात असे दोन कागद मात्र आहेत. पहिला, प्रश्नावली वापरण्याची परवानगी. नैराश्य, वेदना, जीवनमान मोजणाऱ्या अनेक तयार प्रश्नावल्यांवर कुणाचा तरी हक्क असतो. नेटवर सापडली म्हणजे ती फुकट नसते. मूळ लेखकाला ईमेल करा आणि उत्तराची प्रत जोडा. उत्तर यायला महिना लागू शकतो, म्हणून हे काम सगळ्यात आधी.

दुसरा, भाषांतराचा दाखला. इंग्रजी फॉर्मचं मराठी एकाने करायचं आणि ते मराठी पुन्हा इंग्रजीत दुसऱ्याने करायचं, म्हणजे अर्थ कुठे घसरला ते दिसतं. प्रत्यक्षात दोन्ही कामं एकाच रात्री एकाच यंत्राकडून होतात. ती ओळखू येतात हो.

कन्सेंट फॉर्म

एका अर्जातलं वाक्य असं होतं: ‘सदर अभ्यासामध्ये आपणांस यादृच्छिकरीत्या दोन गटांपैकी एका गटात वर्गीकृत करण्यात येईल.’ यात व्याकरणाची चूक नाही आणि कुणाला काही कळणारही नाही. हेच असं लिहा: ‘दोनपैकी कोणतं औषध तुम्हाला मिळेल हे चिठ्ठी काढल्यासारखं ठरेल. डॉक्टर ते निवडणार नाहीत.’ प्लासिबो असेल तर ‘दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी’. पाच मिली रक्त म्हणजे ‘साधारण एक चमचा’. मग घरातल्या कुणाला तरी फॉर्म वाचून दाखवा आणि विचारा, तुला काय करायला सांगितलंय? उत्तर चुकलं तर दोष फॉर्मचा.

आता सर्वात जास्त अर्ज पाडणारी ओळ. ‘या दरम्यान माझे काही बरेवाईट झाल्यास डॉक्टर अथवा रुग्णालय जबाबदार राहणार नाही.’ ही ओळ ऑपरेशनच्या जुन्या संमतिपत्रातून उचललेली असते आणि वर्षानुवर्षं एका थीसिसमधून दुसऱ्यात उतरते. संशोधनाच्या फॉर्ममध्ये ती चालत नाही. नियम नेमके उलट आहेत: संशोधनामुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि नुकसानभरपाईचा हक्क. तेच फॉर्मवर यायला हवं आणि पैसे कोण देणार तेही. माझं मत विचाराल तर या एका ओळीवरून कळतं, की फॉर्म कुणाला वाचवायला लिहिलाय.

हे संशोधन आहे, नेहमीचा उपचार नाही, हे पहिल्या दोन वाक्यांत सांगा. नाही म्हटलं किंवा मध्येच सोडलं तरी उपचारात फरक पडणार नाही हे स्पष्ट लिहा. संशोधकाच्या नंबरबरोबर कमिटीच्या सदस्य-सचिवांचाही नंबर द्या, कारण तक्रार संशोधकाचीच असू शकते. सही झालेल्या फॉर्मची प्रत सहभागी माणसाला द्यायची असते. ‘दिली जाईल’ असं सगळे लिहितात आणि झेरॉक्सचा खर्च बजेटमध्ये कुणीच धरत नाही. आम्ही तो शोधतो.

आणखी एक. ज्या डॉक्टरांच्या हातात उपचार आहेत त्यांनीच संमती मागितली, तर नाही म्हणायची हिंमत किती जणांना होईल? विद्यार्थ्यांवरच्या अभ्यासात, परीक्षा घेणाऱ्या सरांनी फॉर्म वाटले तर? संमती दुसरं कुणी घेईल असं प्रोटोकॉलमध्ये लिहिलंत, तर आमचा एक प्रश्न आधीच मिटतो.

सही कुणाची

सज्ञान बाईची संमती ती स्वतः देते. तिच्या फॉर्मवर ‘पतीची सही’ असा रकाना ठेवू नका. सासरच्यांशी बोलून ठरवायचं असेल तर तिला वेळ द्या, पण सही तिचीच. तिच्या वतीने दुसऱ्याने सही करायची ती फक्त ती स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल तेव्हा.

वाचता येत नसेल तर अंगठा चालतो, पण सोबत निष्पक्ष, साक्षर साक्षीदार हवा. संशोधनाच्या टीममधला कुणी नाही. ‘साक्षीदार: वॉर्डातील ज्युनिअर रेसिडेंट’ हे वाचलं की आम्ही पेन्सिल उचलतो.

मुलांच्या बाबतीत आईवडिलांची संमती हवीच, शिवाय मुलाचा स्वतःचा होकारही: ७ ते १२ वर्षांपर्यंत तोंडी, १२ च्या पुढे १८ पर्यंत लेखी. म्हणजे वयोगट दोन असतील तर नमुनेही वेगळे. शाळेत काम असेल तर मुख्याध्यापकांचं पत्र ही शाळेत शिरायची परवानगी झाली, मुलांची संमती नव्हे. हा तांत्रिक खुसपटपणा वाटत असेल तर २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात एचपीव्ही लसीच्या (गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या प्रतिबंधक लसीच्या) अभ्यासात काय झालं ते आठवा. अडीच हजारांहून जास्त फॉर्मवर वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. आदिवासी मुलींच्या पालकांना विचारलंच गेलं नव्हतं. संसदीय समितीने २०१३ मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले.

सीटीआरआय: तारीख इथे चुकते

क्लिनिकल ट्रायल, म्हणजे माणसांवर उपचारांची चाचणी, असेल तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री-इंडियात (सीटीआरआय) नोंदणी लागते. ती फुकट आहे, ऑनलाइन आहे. १ एप्रिल २०१८ पासून ती पहिला रुग्ण घेण्याच्या आधीच करावी लागते. लोक ‘आधी’चा अर्थ ‘अर्ज आधी’ असा घेतात. अर्ज टाकल्याबरोबर एक क्रमांक येतो, त्याची सुरुवात ‘रेफ’ या अक्षरांनी होते. तो पोचपावतीचा. नोंदणीचा क्रमांक ‘सीटीआरआय’ने सुरू होतो आणि तिकडून आलेल्या शंकांची उत्तरं दिल्यावर, तपासणी होऊनच मिळतो. मधल्या काळात घेतलेला पहिला रुग्ण तुमचं सगळं काम अडचणीत आणतो. एथिक्सचं पत्र तिथे अपलोड करावं लागतं, तेव्हा क्रम ठरलेला: कमिटी, मग सीटीआरआय, मग रुग्ण.

सभा आणि पत्र

सभा रोज नसते. कोरमला, म्हणजे सभा वैध ठरायला, किमान पाच सदस्य लागतात, त्यात संस्थेबाहेरचं कुणीतरी हवं, आणि अध्यक्ष तर बाहेरचेच असतात. कोरम भरला नाही तर सभा पुढे जाते, त्यात तुमचा दोष नसतो आणि कुणी दिलगिरीही व्यक्त करत नाही. सिनॉप्सिस जमा करायच्या तारखेला चिकटून अर्ज देऊ नका. तुमचे गाईड कमिटीवर असतील तर तुमच्या विषयाच्या वेळी त्यांनी बाहेर जायचं असतं. गेले नाहीत, तर तो निर्णय पुढे कधीही उकरून काढता येतो.

‘सुधारणांसह मान्यता’ म्हणजे मान्यता नव्हे. ‘सर म्हणाले झालंय’ हीसुद्धा नव्हे. सुधारणा करून द्या, अंतिम पत्र हातात घ्या, त्यावरची प्रोटोकॉलची आवृत्ती आणि तारीख तुमच्या प्रतीशी जुळवा. नंतर प्रश्नावलीत एक प्रश्न घालायचा असेल, रुग्णसंख्या वाढवायची असेल किंवा दुसरं रुग्णालय जोडायचं असेल, तर आधी दुरुस्तीचा अर्ज. पत्रावर मुदत असते. ती संपण्याआधी प्रगती अहवाल द्यावा लागतो, आणि काम संपल्यावर किंवा अर्ध्यात सोडल्यावरही कळवावं लागतं. औषध चाचणीत गंभीर दुष्परिणाम झाला तर कमिटीला २४ तासांत कळवायचं आहे. शनिवार-रविवार धरून.