नाडी तपासण्यासाठी जन्मलेली बर्पी

बर्पी म्हटलं की आधी धाप आठवते. उभ्यानं उकिडवं बसायचं, तळहात जमिनीवर टेकायचे, पाय मागे झोकायचे, एक जोर मारायचा, पाय पुन्हा पुढे ओढायचे आणि उठता उठता उडी. असं न थांबता पंधरा-वीस वेळा. पण ज्यानं ही हालचाल बसवली, त्याच्या आराखड्यात जोरही नव्हता आणि उडीही नव्हती. शिवाय ती करायची होती फक्त चार वेळा.

रॉयल हडलस्टन बर्पी हे न्यूयॉर्कमधले शरीरक्रियाशास्त्राचे अभ्यासक. १९४०च्या सुमारास कोलंबिया विद्यापीठात पीएचडी करताना त्यांना सामान्य माणसाची तंदुरुस्ती झटपट, साधनांशिवाय तपासायची होती. आधी नाडी मोजायची, चार बर्पी करायला लावायच्या, पुन्हा नाडी मोजायची. कसलेलं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, म्हणून त्याचे ठोके कमी वाढतात आणि लवकर खाली येतात. १९४२मध्ये अमेरिकी सैन्यानं ही हालचाल जवानांच्या चाचणीत घेतली, पण तिथे ठरावीक वेळात किती होतात हे मोजलं जाऊ लागलं. संख्येचा सोस तेव्हापासूनचा.

इतक्या साध्या हालचालीनं एवढी दमछाक का होते? ६० किलोच्या माणसाचा गुरुत्वमध्य प्रत्येक बर्पीत साधारण अर्धा मीटर वर जातो. म्हणजे सुमारे ३०० जूल कार्य. स्नायू खर्च झालेल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा कार्यात आणतात, बाकीची उष्णता होते. म्हणून घाम लगेच फुटतो.

मला त्याहून विलक्षण वाटते ती रक्ताची धावपळ. आडवं होताच पायांतलं रक्त सहज हृदयाकडे परततं. उभं राहताच ते पुन्हा खाली ओढलं जातं आणि रक्तदाब क्षणभर घसरतो. मानेतल्या आणि महाधमनीतल्या दाबसंवेदकांना हे लगेच कळतं, मग ठोके वाढतात आणि रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. बर्पीत हे दर दोन-तीन सेकंदांनी घडतं. शेवटची बर्पी झाल्यावर तिथेच खिळून उभं राहिलात, तर रक्त वर ढकलणारा पोटऱ्यांच्या स्नायूंचा पंप थांबतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. त्यामुळे मिनिटभर चालत राहा.

तंत्रात सगळ्यात नाजूक क्षण पाय मागे टेकण्याचा. पोट सैल असेल तर कंबर खाली झोळीसारखी लोंबते आणि झटका मणक्याच्या खालच्या भागाला बसतो. म्हणून पाय झोकण्याआधीच पोट आवळा. तळहात खांद्यांच्या बरोबर खाली, बोटं फाकवलेली. परत येताना पाय हातांच्या थोडे बाहेर, टाचा जमिनीला टेकलेल्या. टाचा अधांतरी राहिल्या तर गुडघ्यांवर भार येतो. आवाजाकडेही कान द्या. पाय धपकन आपटू लागले, की स्नायूंनी वेग आवरणं सोडलंय असं समजा आणि तिथेच थांबा. अशा अवस्थेत शंभराचा आकडा गाठण्याचा हट्ट मला मुळीच पटत नाही.

हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा गुडघेदुखी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. नसेल, तर मूळची बर्पी करून पाहा, जोर आणि उडी वगळून चारच. त्या झाल्या झाल्या मनगटावर बोटं ठेवून १५ सेकंद नाडी मोजा, चारनं गुणा, दोन मिनिटांनी पुन्हा मोजा. दोन्ही आकडे तारीख घालून लिहून ठेवा आणि महिन्याभरानं त्याच वेळी, तशाच चार बर्पी करून परत मोजा.