चोवीस तासांचा जुना पत्ता

मे महिन्यातली दुपार. नागपूरच्या गोळीबार चौकाजवळ राहणाऱ्या माझ्या मावसभावाचा फोन आला. "दादा, साइट माझ्या मोबाइलवर नवीन दिसून रायली, आईच्या मोबाइलवर जुनीच. असं काऊन?"

घरच्या घरी सावजी मसाला करून विकायचा त्याचा धंदा. सकाळी त्यानं साइट नव्या सर्व्हरवर हलवली होती आणि डोमेनच्या, म्हणजे साइटच्या नावाच्या, नोंदीत नवा पत्ता टाकला होता. साइटसाठी सर्व्हर भाड्यानं देणारा होस्टिंगवाला म्हणाला होता, "पसरायला ४८ तास लागतात." कूलर लावल्यावर गारवा खोलीभर पसरतो, तसा नवा पत्ता इंटरनेटभर पसरत असेल, अशी त्याची समजूत.

खरं तर पसरत काहीच नाही. जुनं उत्तर विसरलं जाण्याची वाट बघायची असते.

संगणकाला नावं कळत नाहीत, आकडे कळतात. समजा, २०३.०.११३.१०. (हा पत्ता कुणाचाच नाही, असे काही आकडे उदाहरणांसाठी राखून ठेवले आहेत.) सुरुवातीच्या काळात कुठल्या नावाचा आकडा कोणता, याची एकच फाइल अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सांभाळली जायची आणि बाकीचे ती उतरवून घ्यायचे. यंत्रं वाढली तशी ती वही कुणालाच आवरेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसचा, म्हणजे नावावरून आकडा शोधून देणाऱ्या व्यवस्थेचा, आराखडा मांडला. त्यातली मेख अशी की, पूर्ण यादी कुणाकडेच नाही. पुढे कुणाला विचारायचं, एवढंच प्रत्येकाला ठाऊक.

महाल भागातलं एखादं घर शोधताना आपण हेच करतो. झिरो माइलला विचारलं तर महालाचा रस्ता कळतो, बडकस चौकात गल्ली कळते आणि गल्लीतला पानठेलेवाला दार दाखवतो. इथे ही पायपीट करतो रिझॉल्व्हर, म्हणजे बहुधा तुमच्या इंटरनेट कंपनीचा सर्व्हर. तो आधी रूट सर्व्हरला, म्हणजे सगळ्यात वरच्या सर्व्हरला, विचारतो. 'ए' ते 'एम' अशा १३ नावांनी ते ओळखले जातात. रूट त्याला 'डॉट इन'कडे धाडतो, 'डॉट इन' त्या डोमेनच्या नेमसर्व्हरकडे, म्हणजे त्याच्या नोंदी ठेवणाऱ्या सर्व्हरकडे, आणि खरा आकडा मिळतो तो तिथे.

प्रत्येक वेळी एवढं कोण फिरणार? म्हणून रिझॉल्व्हर मिळालेलं उत्तर जपून ठेवतो. किती वेळ, ते डोमेनच्या मालकानंच नोंदीत लिहिलेलं असतं. त्याला टीटीएल म्हणतात आणि तो सेकंदांत मोजतात. भावाच्या पॅनेलमध्ये आकडा होता ८६४००, म्हणजे बरोबर चोवीस तास. मावशीच्या कंपनीच्या रिझॉल्व्हरनं जुना पत्ता सकाळीच विचारून ठेवला होता. तो दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तोच सांगत राहणार. भावाचं सिम दुसऱ्या कंपनीचं. तिथे आधी कुणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे त्याला ताजं उत्तर मिळालं.

यावर उपाय सोपा आहे, पण तो आदल्या दिवशी करावा लागतो. टीटीएल ३०० करायचा, जुनी मुदत संपू द्यायची आणि मगच पत्ता बदलायचा. जुना सर्व्हरही दोन दिवस चालू ठेवायचा. "हे काल सांगायचं ना!" भाऊ वैतागला. काल त्यानं विचारलंच कुठे होतं?

आकड्याकडे नेणारी ही नोंद म्हणजे ए रेकॉर्ड. सीनेम मात्र आकडा देत नाही. 'याचं उत्तर त्या दुसऱ्या नावाला विचारा,' एवढंच सांगतो. म्हणून तो डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवाल्या नावाला चालतो, नुसत्या मूळ डोमेनला नाही. सीनेम असलेल्या नावावर नेमसर्व्हर किंवा मेलची नोंद ठेवता येत नाही आणि मूळ डोमेनला नेमसर्व्हरची नोंद असावीच लागते. शिवाय एकाच आकड्यावर शेकडो साइट नांदत असतात. फ्लॅट स्कीमच्या गेटपर्यंत पोचलात तरी चौकीदार विचारतोच, कुणाकडे? तसं साइटचं नाव नव्या सर्व्हरला आधी कळवून ठेवलं नसेल, तर भलत्याचंच पान उघडतं.

संध्याकाळी पुन्हा फोन. वाट बघवेना म्हणून पठ्ठ्यानं सगळे नेमसर्व्हरच बदलून टाकले होते. आता ऑर्डरचे मेलच येईनात!

नेमसर्व्हर बदलणं म्हणजे अख्खी वही बदलणं. नव्या वहीत फक्त साइटचा पत्ता होता. टपाल कुठे टाकायचं ते सांगणारी एमएक्स नोंद जुन्या वहीतच राहिली. एमएक्स सापडली नाही, तर मेल पाठवणारा सर्व्हर नियमाप्रमाणे ए रेकॉर्डच्या पत्त्यावर जातो. मेल तिथे मसाल्याच्या साइटवर जाऊन धडकत होते आणि तिथे मेलचं दार बंद. पण दार उघडलं नाही म्हणून मेल लगेच परत जात नाही. पाठवणारा तो रांगेत ठेवतो आणि काही दिवस पुन्हा पुन्हा खटखटावतो. स्पष्ट नकार मिळाला असता, तर मात्र तो तिथूनच माघारी गेला असता.

मी त्याला जुन्या पॅनेलमधल्या नोंदी एकेक करून वाचायला लावल्या, नव्यात लिहायला लावल्या. एमएक्समधलं एक टिंब त्यानं दोनदा गाळलं. दुसऱ्या दिवशी दुपारी अकरा मेल एकदम आले. त्यातला एक पाच किलो मसाल्याच्या ऑर्डरचा होता आणि त्यावर तारीख कालची.