बी.एस्सी. नर्सिंगचा प्रवेश: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज नेमका कुठे अडतो

“मॅडम, कास्ट आहे न माझ्याजवळ. लॅमिनेशन करून ठेवली.”

बारावीचा निकाल लागला की हे वाक्य मला दरवर्षी ऐकू येतं. उमरेड, काटोल, भिवापूरकडून आलेली मुलगी प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून जातीचं प्रमाणपत्र काढून पुढे ठेवते. मी विचारते, “आणि व्हॅलिडिटी?” ती आईकडे पाहते, आई वडिलांकडे. जातीचं प्रमाणपत्र आणि जात पडताळणीचं प्रमाणपत्र हे दोन वेगळे कागद आहेत, हे त्या घराला त्या क्षणी कळतं. तोवर हातात आठ-दहा दिवस उरलेले असतात, आणि या कागदाला महिने लागतात.

परिचारिका म्हणून निवृत्त झाल्यापासून उन्हाळ्यात मी ओळखीपाळखीच्या मुलींचे अर्ज तपासून देते. गुण कमी म्हणून बाहेर राहिलेल्या मुली मी पाहिल्या, पण गुण असून कागदापायी राहिलेल्या त्याहून जास्त पाहिल्या. म्हणून नेहमीच्या पायऱ्या इथे थोडक्यात सांगते आणि जिथे पाय घसरतो तिथे जरा थांबते.

आधी कारभार कोणाचा ते समजून घ्या. नागपुरातली नर्सिंग कॉलेजं नागपूर विद्यापीठाशी नाही, तर नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, आणि जागावाटप मुंबईचा राज्य सीईटी कक्ष करतो. अभ्यासक्रम आणि पात्रतेचे नियम भारतीय परिचर्या परिषदेचे. त्यामुळे प्रवेशाची चौकशी करायला नागपूर विद्यापीठाच्या कॅम्पसवर चक्कर मारू नका, तिथे कोणी काही सांगू शकणार नाही.

परीक्षेचं नावही नीट वाचा. बी.एस्सी. नर्सिंगची सीईटी वेगळी आहे. एमएचटी-सीईटीचा (इंजिनीअरिंग-फार्मसीच्या परीक्षेचा) भौतिक-रसायन-जीवशास्त्र, म्हणजे पीसीबी गट दिला म्हणजे नर्सिंगचं झालं, असं समजून बसलेली दोन-तीन मुलं दर वर्षी भेटतात. त्या गुणांवर राज्याच्या नर्सिंगच्या यादीत नाव लागत नाही. नर्सिंगच्या पेपरात १०० प्रश्न असतात, वेळ ९० मिनिटं. भौतिक, रसायन, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंगचा कल तपासणारे प्रश्न, प्रत्येकी २०. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका.

पात्रता अशी: प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वयाची १७ वर्षं पूर्ण हवीत, आणि वयाची वरची मर्यादा ३५. बारावी विज्ञान शाखेतून, भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून किमान ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातीला ४० टक्के, आणि इंग्रजीत स्वतंत्रपणे उत्तीर्ण. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेत हे ३०० पैकी १३५ आणि १२० होतात. एकूण टक्केवारी इथे कोणी पाहत नाही. मराठी आणि पर्यावरणाच्या जोरावर ६० टक्के झाले, पण तीन विषयांत १३३ आले, तर अर्ज बाद. १३३ चे १३५ कोणी करून देत नाही. जीवशास्त्र सोडून गणित घेतलेल्यांना इथे दार बंद आहे. मुक्त विद्यालयातून बारावी केलेल्यांना मात्र हे विज्ञान विषय आणि इंग्रजी असेल तर अर्ज करता येतो, त्यांनी उगाच मागे राहू नये.

आता व्हॅलिडिटी. अनुसूचित जाती, विमुक्त जाती-भटक्या जमाती, इतर मागास आणि विशेष मागास प्रवर्गाचे अर्ज जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे जातात. नागपुरात ही समिती दीक्षाभूमीजवळच्या सामाजिक न्याय भवनात आहे. अनुसूचित जमातीची समिती वेगळी, गिरीपेठेतल्या आदिवासी विकास भवनात. तिथे बहुतेक प्रकरणांत दक्षता पथकाची चौकशी होते, त्यामुळे वेळ आणखी लागतो. अर्ज ऑनलाइन भरायचा, त्याची प्रत काढायची, कॉलेजचं शिफारसपत्र, शपथपत्रं आणि वंशावळ जोडून समितीत द्यायची. इथवर कोणाचं अडत नाही.

अडतं ते जुन्या पुराव्यावर. तुमचे पूर्वज ठरलेल्या तारखेआधी याच जातीचे होते आणि इथेच राहत होते, हे दाखवावं लागतं. अनुसूचित जातीसाठी ती तारीख १० ऑगस्ट १९५०, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर आणि विशेष मागासांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे आजोबांचा, नाहीतर पणजोबांचा कागद. सतरा वर्षांच्या पोरीनं तो कुठून आणायचा, असा विचार नियम करणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. तो मिळतो, पण शोधावा लागतो.

पहिली जागा म्हणजे आजोबांची शाळा. तिथलं दाखल-खारीज रजिस्टर मागा. आपल्या भागात १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाचा कारभार होता, म्हणून त्या काळच्या पुष्कळ नोंदी हिंदीत आहेत. मागे एका मुलीसोबत मी तिच्या आजोबांच्या गावच्या शाळेत गेले होते. मुख्याध्यापकांनी कपाटातून कापडात बांधलेलं रजिस्टर काढलं. पानांच्या कडा हाताला लागताच तुटत होत्या. बोट फिरवत फिरवत ते एका ओळीवर थांबले. नाव बरोबर, वडिलांचं नाव बरोबर, जातीच्या रकान्यात ‘कुनबी’, आणि आडनावाचा पत्ताच नाही. मुलगी रडवेली झाली. आडनाव नसणं त्या काळी नेहमीचंच होतं. अशा वेळी वंशावळीच्या शपथपत्रात ती साखळी नावानिशी मांडायची आणि तेच नाव असलेला दुसरा एखादा जुना कागद जोडायचा. तिच्या बाबतीत शेतीच्या जुन्या अधिकार अभिलेखानं काम झालं.

आजोबा शाळेतच गेले नसतील तर? मजुरी करणाऱ्या घरांत हेच असतं, आणि नेमक्या याच मुलींना आरक्षणाची सगळ्यात जास्त गरज असते. तेव्हा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करा आणि कोतवाल बुकाची नक्कल मागा. गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी त्यात जातीसकट लिहिलेल्या असतात. अंदाजे वर्ष आणि गाव सांगितलं तर शोध सोपा जातो. “रेकॉर्ड फाटलं, मिळत नाही” असं तोंडी उत्तर मिळालं तर ते लेखी मागा. लेखी मागितलं की पुष्कळदा रेकॉर्ड सापडतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात, म्हणजे वडील, सख्खा भाऊ, काका, चुलतभाऊ, यांपैकी कोणाकडे व्हॅलिडिटी असेल तर तो भक्कम पुरावा धरला जातो. आधी घरात विचारा. भाऊबंदकीत बोलणं बंद असेल तर या एका कागदासाठी तरी सुरू करा. आईकडच्या नात्याचा कागद साधारणपणे चालत नाही.

“पावती चालते का?” हा पुढचा प्रश्न. समितीकडे अर्ज केल्याची पावती दाखवून प्रवेश घ्यायचा आणि ठराविक मुदतीत प्रमाणपत्र द्यायचं, अशी सवलत शासनानं काही वर्षी दिली आहे. पण ती त्या-त्या वर्षीच्या आदेशावर असते. गेल्या वर्षी मिळाली म्हणून यंदा मिळेल असं धरू नका. आणि मुदतीत प्रमाणपत्र आलं नाही तर प्रवेश जातो, हे पावती घेतानाच ध्यानात ठेवा. विज्ञान शाखेच्या मुलांना अकरावीतच कॉलेजमार्फत अर्ज करता येतो. धाकटं भावंड अकरावीत असेल तर त्याचा अर्ज आताच टाका.

नॉन-क्रिमिलेअरची गोष्ट तारखेची आहे. कुटुंबाचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असल्याचं हे प्रमाणपत्र अनुसूचित जाती-जमाती सोडून बाकी मागास प्रवर्गांना लागतं. त्यावर ते कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे ते छापलेलं असतं, आणि ती तारीख ३१ मार्च असते. मुलगी फेब्रुवारीत सेतूवरून कागद काढते, ‘नवाकोरा आहे’ म्हणून निश्चिंत राहते, आणि तो महिन्याभरातच संपतो. प्रवेश ज्या शैक्षणिक वर्षाचा, ते वर्ष संपेपर्यंत, म्हणजे पुढच्या ३१ मार्चपर्यंत तो वैध असावा लागतो. २०२६-२७ च्या प्रवेशाला ३१ मार्च २०२७ हवं. काढल्याची तारीख पाहू नका, संपण्याची पाहा. आर्थिक दुर्बल घटकाचा दाखलाही त्या आर्थिक वर्षाचाच लागतो, म्हणून तो १ एप्रिलनंतर काढा.

दोन्हींत आणखी एक खड्डा आहे, नमुन्याचा. नीटची तयारी केलेल्या मुलांकडे केंद्र सरकारच्या नमुन्यातला दाखला असतो. राज्याच्या जागांना राज्याचा नमुना लागतो. सेतूवर अर्ज देताना “राज्याच्या प्रवेशासाठी” असं स्पष्ट सांगा आणि हातात आलेला कागद तिथेच उभं राहून वाचा.

विवाहित मुलींसाठी हे खास सांगते. लग्न झालेल्यांना नर्सिंगला प्रवेश मिळतो, नियमात तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. तुमची जात आणि नॉन-क्रिमिलेअर माहेरच्या, वडिलांच्या नावानं पाहिलं जातं, नवऱ्याच्या नाही. सासरच्या नावानं काढलेले दाखले घेऊन आलेल्यांना मी परत पाठवलंय, आणि जीव तुटलाय. अर्जात नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे तसंच्या तसं भरा. आधारवर सासरचं नाव असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाचं राजपत्र जोडा. मध्ये शिक्षण सुटलं असेल तर त्या वर्षांत कुठेही प्रवेश घेतला नव्हता, असं खंडाचं शपथपत्र लागतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पोर चार वर्षांचं झाल्यावर परत शिकायला आलेल्या मुली वॉर्डात किती जबाबदारीनं काम करतात, ते मी जवळून पाहिलंय.

अधिवासाचा दाखला बहुतेकांकडे असतो. पण आपला जिल्हा सीमेवर आहे. सावनेर, रामटेककडची काही मुलं नात्यात राहून छिंदवाडा, शिवनीकडे दहावी करतात. आरोग्य विज्ञानाच्या राज्य कोट्यात साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून मागतात. नुसता अधिवास दाखवून ही अडचण सुटत नाही. अशांनी माहितीपुस्तिकेतलं हे कलम सगळ्यात आधी वाचावं. बाहेरच्या मंडळाची बारावी असेल तर स्थलांतर प्रमाणपत्रही लागेल.

डॉक्टरांचा फिटनेस दाखला ठरलेल्या नमुन्यात घ्या. रंगांधळेपणा आहे म्हणून घरी बसू नका, दोष सुधारणारा चष्मा किंवा लेन्स वापरणारे पात्र आहेत.

सीईटीचा अर्ज भरला म्हणजे प्रवेशाचा अर्ज भरला, हा समज सगळ्यात महाग पडतो. निकालानंतर केंद्रीय प्रवेश फेरीसाठी वेगळी नोंदणी, वेगळं शुल्क आणि पुन्हा कागद अपलोड करावे लागतात. परीक्षेत उत्तम करून “आता फोन येईल” म्हणून वाट पाहत बसलेली मुलगी मला आजही आठवते. फोन येत नाही. संकेतस्थळ रोज पाहायचं. मोबाइलवर काढलेले तिरपे, अंधुक फोटो अपलोड करू नका. शिक्का आणि बारकोड वाचता आला पाहिजे.

या फेरीतून प्रवेश घेण्याचं दुसरं कारण पैशाचं आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे, पण केंद्रीय फेरीतून प्रवेश घेतला तरच. “सीट पक्की करून देतो, आजच भरा” असं सांगून कोणी व्यवस्थापन कोट्यात बसवलं, तर चार वर्षांची ती सवलत गेली. पैसे भरण्याआधी कॉलेजला परिचर्या परिषदेची आणि विद्यापीठाची त्या वर्षाची मान्यता आहे का, तेही पाहा. भिंतीवर लावलेली जुनी फ्रेम पुरावा नाही.

आता नोकरी करणाऱ्या सिस्टरांसाठी. जीएनएम (जनरल नर्सिंग आणि मिडवाइफरीचा डिप्लोमा) झालेल्यांना दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. आहे. बारावी कला शाखेची असली तरी चालते, याची पुष्कळांना कल्पनाच नसते. पण बारावी उत्तीर्ण लागतेच. १९८६ किंवा त्याआधी जुन्या पद्धतीनं जीएनएम झालेल्यांना तेवढी सूट आहे. एएनएमवरून (सहाय्यक परिचारिका-प्रसाविका) थेट इथे येता येत नाही, आधी जीएनएम करावं लागतं.

इथे अडणारा कागद म्हणजे नोंदणी. नर्स आणि मिडवाइफ म्हणून राज्य परिचर्या परिषदेकडे नोंदणी हवी, आणि ती चालू हवी. मुदत संपली तरी ड्युटी लागतच राहते, म्हणून नूतनीकरण राहून जातं आणि नेमकं अर्जाच्या आठवड्यात आठवतं. मध्य प्रदेश किंवा छत्तीसगडातून जीएनएम केलेल्यांनी तिथल्या परिषदेचं ना-हरकत पत्र घेऊन महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी आधी करून घ्यावी. जुन्या अभ्यासक्रमातले पुरुष परिचारक, ज्यांच्या शिक्षणात मिडवाइफरी नव्हती, त्यांना तेवढ्याच काळाचं दुसरं मान्यताप्राप्त प्रशिक्षण दाखवावं लागतं.

नोकरीच्या ठिकाणचं ना-हरकत पत्र तोंडी मागू नका. अर्ज द्या, आवक क्रमांक घ्या, त्याची झेरॉक्स ठेवा. आणि मूळ गुणपत्रिका, नोंदणी प्रमाणपत्र बाँडच्या नावाखाली मालकाकडे अडकलेलं असेल तर ते सोडवायला आत्ताच लागा. कागद तपासणीच्या दिवशी टेबलावर मूळ प्रतच मागतात.