प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही

दिवाळी जवळ आली की ऑनलाइन दुकानांत छोट्या प्रोजेक्टरच्या जाहिराती सुरू होतात. पाच-सात हजारांत 'फोर-के', 'वीस हजार लुमेन', 'दोनशे इंची चित्र'. मग सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी सुचवतं, की यंदा गच्चीवरून नुसत्या माळा सोडण्यापेक्षा समोरच्या भिंतीवर पणत्या, मोर, कारंजी असं काहीतरी हलतं दाखवू. कल्पना झकास आहे. पण पुढची सगळी चर्चा एकाच आकड्याभोवती फिरते: लुमेन किती? जितके जास्त तितकं चित्र चांगलं, हा समज इतका पक्का बसलाय की भिंतीकडे कोणी बघतच नाही.

माझं मत असं, की कमी खर्चात हे जमवायचं असेल तर आधी अंधाराची सोय लावायची आणि मग प्रोजेक्टर शोधायचा.

ते वीस हजार लुमेन आधी निकालात काढू. लुमेन हे यंत्रातून बाहेर पडणाऱ्या एकूण प्रकाशाचं माप. या स्वस्त यंत्रांमध्ये एक एलईडी असतो आणि त्याच्यापुढे एक एलसीडी काच, जिच्यावरचे ठिपके प्रकाश कमी-जास्त अडवून चित्र बनवतात. समजा एलईडी ६० वॉटचा आहे आणि तो वॉटमागे १५० लुमेन देतो. चांगल्या एलईडीसाठी हा आकडा ठीक आहे. म्हणजे मुळात ९,००० लुमेन झाले. एलसीडीला एकाच दिशेत कंप पावणारा, म्हणजे ध्रुवीभूत प्रकाश लागतो, त्यामुळे पहिल्याच गाळणीत निम्म्याहून जास्त प्रकाश जातो. मग प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरवी किंवा निळी गाळणी असते, ती उरलेल्याचा साधारण तिसरा हिस्सा पुढे सोडते. शिवाय काचेतलं वायरिंग आणि भिंग आपापला वाटा घेतात. भिंतीकडे निघतात काही शे लुमेन. 'फोर-के' या शब्दाचा अर्थही बहुतेक वेळा एवढाच असतो, की यंत्र तसा व्हिडिओ स्वीकारतं. दाखवतं मात्र स्वतःच्या काचेवर जेवढे ठिपके आहेत तेवढेच. खोक्यावर 'अ‍ॅन्सी लुमेन' लिहिलं असेल तर तो आकडा निदान तपासता येतो. अ‍ॅन्सी या अमेरिकी मानक-संस्थेच्या १९९२ च्या मानकाप्रमाणे पूर्ण पांढरं चित्र टाकून त्याचे नऊ समान चौकोन करायचे, प्रत्येकाच्या मध्यावर प्रकाश मोजायचा, सरासरी काढायची आणि चित्राच्या क्षेत्रफळाने गुणायचं. फोनमधल्या लक्स मोजणाऱ्या ॲपनेही ढोबळ उत्तर मिळतं.

लक्स म्हणजे दर चौरस मीटरवर पडलेले लुमेन. ३०० लुमेनचा प्रोजेक्टर ४ मीटर रुंद आणि सव्वादोन मीटर उंच चित्रावर, म्हणजे ९ चौरस मीटरवर पसरला, की मिळतात ३३ लक्स. हेच चित्र दुप्पट रुंद केलं तर क्षेत्रफळ चौपट होतं आणि हाती राहतात जेमतेम ८ लक्स. जाहिरातीतल्या मोठमोठ्या इंचांची फसवणूक इथे आहे. चित्र मोठं होतं, पण तेवढंच फिकं पडतं.

मात्र ३३ लक्स पुरे की अपुरे, हे त्या आकड्यावरून कळत नाही. प्रोजेक्टर फक्त प्रकाश टाकू शकतो. मोराच्या डोळ्याचं काळं बुबुळ दाखवायचं तर तो त्या जागी काहीच टाकत नाही, आणि तिथे दिसते ती भिंत, जशी असेल तशी. त्या भिंतीवर रस्त्यावरच्या दिव्याचे १० लक्स पडत असतील तर बुबुळ १० लक्सचं आणि पांढरी पिसं ३३ अधिक १०, म्हणजे ४३ लक्सची. गुणोत्तर ४.३ ला १. चित्र धुतल्यासारखं दिसतं. आता तोच दिवा आडोशाने अडवून भिंतीवर १ लक्सच राहील असं करा. पिसं ३४, बुबुळ १, गुणोत्तर ३४ ला १. प्रोजेक्टर तोच, पण चित्र ठसठशीत. आडोसा न करता हाच परिणाम हवा असेल तर भिंतीवर ३३० लक्स टाकावे लागतील, म्हणजे ३,००० लुमेनचं यंत्र. बाहेरचा उजेड दहापटीने कमी करणं म्हणजे दहापट ताकदीचा प्रोजेक्टर घेणं. काळं कापड आणि सुतळी यांच्या किमतीत हे होतं, म्हणून मी अंधार अंधार करतोय.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. दहा लक्स उजेडातली फिकट पिवळी भिंत कधीकधी खरोखर काळी दिसते, ती का?

जर्मन मानसशास्त्रज्ञ आडेमार गेल्ब यांनी १९२९ मध्ये एक प्रयोग नोंदवला. अंधाऱ्या खोलीत काळा कागद टांगायचा आणि लपवलेल्या दिव्याचा झोत नेमका त्याच्यावरच पाडायचा. बघणाऱ्याला कागद पांढरा दिसतो. मग त्याच झोतात शेजारी खरा पांढरा कागद धरायचा. पहिला कागद क्षणात काळा होतो. पांढरा काढून घेतला की काळा पुन्हा पांढरा. कागद काळा आहे हे माहीत असूनही नजर ऐकत नाही. अमेरिकी संशोधक ॲलन गिलख्रिस्ट यांनी पुढे यातून एक नियम मांडला: नजरेच्या टप्प्यात जे सगळ्यात उजळ, त्याला दृष्टी पांढरं धरते आणि बाकीच्या छटा त्याच्या प्रमाणात लावते.

डोळ्याच्या पडद्यावरच याची सुरुवात होते. हॉर्सशू क्रॅब या सागरी प्राण्याच्या डोळ्यावर केफर हार्टलाइन यांनी काम केलं, १९६७ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी होते. त्यांना आढळलं की उजेडाने उत्तेजित झालेली प्रत्येक पेशी आपल्या शेजाऱ्यांचा संदेश थोडा दाबते. आपल्या डोळ्यातही आडव्या पेशींमार्फत असाच प्रकार चालतो. आकड्यांत करून पाहू, जरा सावकाश वाचा. एका ओळीत पेशी आहेत, डावीकडच्यांवर १० लक्स आणि उजवीकडच्यांवर ४३. प्रत्येक पेशी आपल्या दोन्ही शेजाऱ्यांच्या संदेशातून स्वतःच्या प्रकाशाचा दहावा भाग वजा करते. अंधाऱ्या भागात आत असलेल्या पेशीचे दोन्ही शेजारी १० चे, म्हणून तिचा संदेश १० वजा १ वजा १, म्हणजे ८. सीमेवरच्या अंधाऱ्या पेशीचा एक शेजारी १० चा आणि दुसरा ४३ चा, म्हणून १० वजा १ वजा ४.३, म्हणजे ४.७. उजेडाच्या बाजूला सीमेवरची पेशी ४३ वजा ४.३ वजा १, म्हणजे ३७.७. आणि आतली ४३ वजा ८.६, म्हणजे ३४.४. चित्राच्या आतल्या भागांची तुलना केली तर गुणोत्तर ४.३ च राहतं. पण सीमेवर ३७.७ भागिले ४.७, म्हणजे ८! फरक काठावर जवळपास दुप्पट झाला. हे प्रारूप फारच साधं आहे, खऱ्या डोळ्यात शेजार दूरवर पसरलेला असतो, पण मुद्दा खरा आहे. मेंदूला मोजमाप पाठवण्यापेक्षा डोळा काठ पाठवतो.

यातून व्हिडिओ कसा निवडायचा तेही कळतं. मंद छटांचे फोटो, धूसर ढग, रात्रीची दृश्यं भिंतीवर मरतात, कारण त्यांत काठ नसतो. ठळक रेघांची रांगोळी, वारली चित्रांसारख्या आकृत्या, जाड कडांचा आकाशकंदील हे कमी लक्समध्येही उठून दिसतं. मोठे काळे पट्टे टाळून काळं बारीक ठेवावं, दोन्ही बाजूंनी उजळ रंग असतील असं. आणि चित्रात कुठेतरी पूर्ण पांढरं असू द्यावं, म्हणजे गिलख्रिस्टच्या नियमाने भिंत आपोआप खाली ढकलली जाते.

गेल्बचा प्रयोग आकाशातही दर पौर्णिमेला चालू असतो. चंद्राची जमीन तिच्यावर पडलेल्या प्रकाशाचा सरासरी १२ टक्क्यांच्या आसपासच भाग परतवते, जुन्या डांबरी रस्त्याइतकी ती काळपट आहे. तरी चंद्र पांढराशुभ्र दिसतो, कारण त्याच झोतात शेजारी धरायला पांढरा कागद नाही. चंद्रावरून आठवलं: लक्ष्मीपूजन आश्विन अमावास्येला येतं, आणि 'अमावास्येला नवं यंत्र सुरू करू नये' असं बजावणारी मंडळी अजून भेटतात. अमावास्येला चंद्र सूर्याच्या बाजूला असतो आणि त्याचा उजळलेला अर्धा भाग आपल्याकडे नसतो. यापलीकडे त्या रात्री काही घडत नाही. यंत्राला तिथी कळत नाही. हिशेबाने बघितलं तर भर पौर्णिमेचा चंद्रही फार तर पाव लक्स देतो, आपल्या रस्त्यावरच्या दिव्याच्या चाळिसाव्या भागाइतका. तेव्हा पंचांगापेक्षा पार्किंगमधली ट्यूब बघा.

काळ्याची ही युक्ती जुनी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये रॉबर्टसन नावाचा माणूस जादूच्या कंदिलाने भुतं दाखवायचा. काचेवर भूत रंगवून त्याच्याभोवतीची काच पूर्ण काळी करायची, म्हणजे प्रकाशाचा चौकोन दिसत नाही आणि भूत अधांतरी तरंगतं. आपल्याकडे कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ पासून 'शांबरिक खरोलिका' या नावाने रंगवलेल्या काचांचे खेळ केले, पडद्यावर सिनेमा येण्याच्या आधी.

आजच्या स्वस्त एलसीडी यंत्राला मात्र ती काच पूर्ण काळी करता येत नाही. काळ्या चित्रातूनही थोडा प्रकाश गळतो, आणि छान अंधार केलेल्या भिंतीवर मोराभोवती राखाडी चौकोन उमटतो. त्यावर उपाय रॉबर्टसनचाच: काळ्या कार्डशीटमध्ये हव्या त्या आकाराचं भोक कापून ती भिंगापुढे धरायची. भिंगाच्या इतक्या जवळची कड भिंतीवर फोकसमध्ये येत नाही, त्यामुळे चौकोनाची कड मऊ होऊन विरून जाते. शीट यंत्राच्या गरम हवेच्या झरोक्यावर येऊ देऊ नका.

आता माळांचा प्रश्न. गच्चीवरच्या रंगीत पिक्सेल माळा, म्हणजे ज्यांतला प्रत्येक दिवा वेगळा चालवता येतो अशा, स्वतःच भिंतीवर उजेड टाकतात. ५ व्होल्टचा एक पिक्सेल पूर्ण पांढरा असताना सुमारे ०.३ वॉट घेतो, म्हणजे ३०० पिक्सेलची माळ ९० वॉटची. प्रोजेक्टरच्या एलईडीपेक्षा जास्त! दोघं एकाच वेळी बोलू लागले तर प्रोजेक्टर हरणार. म्हणून दोघांना पाळीपाळीने बोलू द्यायचं: गाण्याच्या ध्रुवपदाला माळा, कडव्याला भिंत. भिंत चालू असताना माळा शून्यावर किंवा अगदी मंद, त्याही भिंतीपासून दूरच्या. 'एक्सलाइट्स' हे मोफत सॉफ्टवेअर हीच जुळणी करून देतं, आणि रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालणारा 'फाल्कन प्लेअर' माळांचा डेटा आणि व्हिडिओ एकाच तालात सोडतो.

भिंत कशी आहे तेही महत्त्वाचं. पांढरा चुना प्रकाशाचा बहुतेक भाग परतवतो, विटकरी रंग हिरवा-निळा गिळतो, खिडकीच्या काचेतून चित्र थेट घरात जातं. मांजरपाटाचं कापड ताणून लावलं की तिन्ही प्रश्न मिटतात. यंत्र शक्यतो भिंतीसमोर सरळ ठेवा. तिरकं ठेवून चित्राचे कोपरे सॉफ्टवेअरने सरळ केले तर काचेच्या कडेचे ठिपके वाया जातात आणि तेवढा प्रकाशही. बहुतेक स्वस्त यंत्रांना ४ मीटर रुंदीसाठी साडेपाच-सहा मीटर अंतर लागतं, ते आहे का हे आधी टेपने मोजा. दिवाळीत दिव्याभोवती हिरवे तुडतुडे जमतात, ते पंख्यातून आत ओढले जातात, म्हणून खोक्याला बारीक जाळी हवी. पहाटेचं दव आणि अवकाळी सर यांचा विचार करून जोडणी ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवरूनच, म्हणजे वीज गळाली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचवरूनच घ्या. आणि प्रोजेक्टरऐवजी मिरवणुकीतल्यासारखे लेझर आणू नका. लेझरचा किरण पसरत नाही, डोळ्याचं भिंग तो एका बिंदूवर गोळा करतं. २०२३ च्या विसर्जनानंतर डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या आल्या होत्या.

ज्यांच्याकडे मोठी भिंत किंवा अंधार नाही, त्यांच्यासाठी माझ्या मते सगळ्यात सुंदर पडदा अंगणातच असतो: मुलांचा किल्ला. सव्वा मीटर रुंद आणि पाऊण मीटर उंच जागेवर ३०० लुमेन पडले तर ३२० लक्स होतात. रस्त्यावरचे १० लक्स तसेच राहिले तरी गुणोत्तर ३३ ला १. माती प्रकाश फार गिळते आणि उगवलेले हळीव-मोहरीही, म्हणून एक कडा चुन्याने पांढरी ठेवायची आणि तिच्यावर धबधबा सोडायचा, बुरुजावर मशाली फिरवायच्या.

भिंतच हवी असेल तर खरेदीआधी एक संध्याकाळ मोजणीला द्या. सगळे दिवे जसे असणार तसे लावून फोन भिंतीला टेकवा, त्याचा स्क्रीन बाहेरच्या बाजूला, आणि लक्स वाचा. त्याला २० ने गुणा, तेवढा प्रकाश प्रोजेक्टरकडून हवा. यंत्राच्या खऱ्या लुमेनला त्या आकड्याने भागलं की चित्र किती चौरस मीटरचं करायचं ते मिळतं. वाचन २ लक्स आलं तर ३०० भागिले ४०, म्हणजे साडेसात, साधारण साडेतीन मीटर रुंद. १० आलं तर दीड चौरस मीटर. तेवढं लहान चित्र नको असेल तर पैसे काढण्याआधी शेजाऱ्यांशी त्यांच्या गॅलरीतल्या दिव्याबद्दल बोला.